सासूबाईंचं अर्धं भांडं

आमच्या सासूबाईंना माणसं भांड्यांवरून कळायची. चेहरा विसरतील, नाव विसरतील, पण कोणाचं भांडं किती जड, कोणाच्या झाकणाला पोचा आलाय आणि कोणाची कडी एका बाजूला वाकलीय, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा गल्लीतल्या बायकांची ओळख त्यांनी मला अशीच करून दिली.

"ती पितळी हंडी बघ. हिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो आणि ही दर शुक्रवारी धावत येते. ते निळ्या फडक्यातलं, त्यात मीठ कमी असतं, पण आपण कशाला बोला? आणि तो मोठा टोप रब्बींचा, आपल्या धर्मगुरूंचा. त्यात कायम दोन माणसांचं जास्तीचं असतं. कोण येईल ते त्यांनाही माहीत नसतं."

आमची बेकरी. आठवडाभर पाव भाजायचे आणि शुक्रवारी दुपारनंतर गल्लीची भांडी भट्टीत ठेवायची. शुक्रवारचा सूर्य मावळला की आम्हा ज्यूंचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही, रांधायचं नाही. पण देवानं विश्रांती घ्यायला सांगितलं म्हणजे थंड जेवायला सांगितलं असं नाही. म्हणून शुक्रवारी प्रत्येक घरातून एक भांडं आमच्याकडे यायचं. आत घेवडा, जव, बटाटे, कांदा आणि ऐपतीप्रमाणे मांस. झाकणाभोवती भिजवलेल्या कणकेची वळी लावून तोंड बंद केलेलं. सासूबाई लांब दांड्याच्या लाकडी फळीवर एकेक भांडं घ्यायच्या, आत सरकवायच्या आणि सूर्य मावळायच्या आत भट्टीचं लोखंडी दार ओल्या मातीनं लिंपून टाकायच्या. रात्रभर मंद आचेवर सगळं शिजत राहायचं. शनिवारी दुपारी दार उघडलं की असा वास सुटायचा की भांडून बसलेली नवराबायकोही जेवायला एकत्र यायची.

सासूबाई बुटक्या होत्या, दंड मात्र पैलवानासारखे. भुवया भट्टीनं कधीच खाल्ल्या होत्या. त्यामुळे त्या रागावल्यात की नाही हे चेहऱ्यावरून कळायचं नाही. तोंड उघडलं की सगळ्या गल्लीला कळायचं. सासरे लवकर गेले, तेव्हापासून भट्टी त्यांच्याच अंगावर. आमचे हे पहाटे कणीक मळायचे आणि मग दिवसभर टेम्पोतून पाव पोचवत फिरायचे. भट्टीपुढे त्यांना उभं करायची सोय नव्हती. एकदाच केलं होतं, तेव्हा रब्बींचा टोप निखाऱ्यात उलटा झाला. त्या शब्बाथला रब्बी, रब्बीणबाई आणि ती जास्तीची दोन माणसं आमच्याकडे जेवली. "पाहुणे आणायची ही पण एक रीत," असं सासूबाई पुढे कितीतरी दिवस ह्यांना ऐकवत होत्या.

तर अशा या बाईचं जगात एकाच माणसाशी वाकडं होतं. ते माणूस म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. आमच्या धाकट्या काकू.

गोष्ट माझ्या लग्नाआधीची, पण मी ती इतक्यांदा ऐकलीय की मी तिथं उभी होते असंच मला वाटतं. दोघे भाऊ आधी एकाच भट्टीवर होते. मग वेगळे झाले आणि धाकट्यानं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पाव-बिस्किटांचं लहानसं दुकान टाकलं. भांडण नव्हतं, येणंजाणं होतं. एका गुरुवारी सासूबाईंचं खमीर नासलं. खमीर नाही म्हणजे कणीक फुगत नाही, कणीक फुगत नाही म्हणजे शब्बाथचा पाव नाही. सासूबाई जावेकडे वाटी घेऊन गेल्या. मूठभर खमीर दे म्हणाल्या. काकू दारातच उभ्या राहिल्या. "आमचं खमीर घराबाहेर जात नाही, वहिनी," म्हणाल्या.

वाटी रिकामी परत आली. त्या शब्बाथला गल्लीतल्या अर्ध्याअधिक टेबलांवर कडक, चपटा, विटेसारखा पाव होता. कोणी काही बोललं नाही, आणि तेच सासूबाईंना झोंबलं. त्यांच्या हातचा पाव वाईट झाला आणि लोकांनी दया करून खाल्ला! बाईच्या जिव्हारी लागलं ते कायमचंच.

पुढं धाकटे काका गेले. दुकान बंद पडलं, भट्टी विकली. मूलबाळ नव्हतं. काकू घरी बसून शिंप्याची काजं-बटणं करून द्यायला लागल्या. आणि मग एका शुक्रवारी, मी तेव्हा नवी सून, त्या आमच्या रांगेत उभ्या दिसल्या. हातात काळं लोखंडी भांडं, मान ताठ. रांगेतल्या बायका जरा मागं सरकल्या. कोणाला घाई नव्हती. सगळ्यांना बघायचं होतं.

सासूबाईंनी भांडं घेतलं, खाली ठेवलं आणि हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "ठेव. कोणाला नाही म्हणायची आमची पद्धत नाही. मी काही तुझ्यासारखी नाही."

काकूंचा चेहरा उतरला. त्या वळून निघून गेल्या. सासूबाई जिंकल्यासारख्या इकडंतिकडं बघत होत्या, तेवढ्यात रांगेच्या शेवटी टोप धरून उभे असलेले रब्बी खाकरले.

"बाई, तुम्ही आत्ताच जे बोललात ना, ते आपल्याला मना आहे."

"मी भांडं घेतलं की!"

"घेतलंत. त्यानं दिलं नाही म्हणून मी देत नाही, हा झाला सूड. त्यानं दिलं नाही तरी बघ मी देतोय, मी तुझ्यासारखा नाही, ही झाली अढी. तोरामध्ये, आपल्या धर्मग्रंथात, दोन्ही मना आहेत, आणि त्याच ओळीत पुढं आहे की दुसऱ्यावर आपल्यासारखं प्रेम कर."

सासूबाईंच्या भुवया असत्या तर त्या केसांत गेल्या असत्या. "म्हणजे नाही दिलं तरी पाप आणि दिलं तरी पाप? मग माणसानं करायचं तरी काय?"

"द्यायचं आणि गप्प बसायचं."

"आणि पोटात जळतंय त्याचं?"

"ते हळूहळू विझेल. आधी हातानं करा, मन मागून येतं. ते जरा आळशी असतं." एवढं बोलून रब्बींनी आपला टोप पुढं केला. रब्बी गोड माणूस, पण त्यांनी त्या दिवशी 'गप्प बसायचं' हे शब्द वापरायला नको होते असं मला अजून वाटतं.

कारण सासूबाईंनी ते शब्दशः घेतले. कोणी ऑर्डर दिली की ती तंतोतंत पुरी करायची, हा त्यांचा धंद्याचा शिरस्ता. देवाची ऑर्डर होती गप्प बसायची. त्या दिवसापासून त्यांनी धाकट्या काकूंशी एक अक्षर काढलं नाही. बरं नाही, वाईट नाही. दर शुक्रवारी काकू यायच्या, भांडं पुढं करायच्या. सासूबाई ते घ्यायच्या, चांगल्या जागी ठेवायच्या, आणि ओठ शिवल्यासारखे बंद. इतरांशी मात्र टकळी चालू. काकूंची पाळी आली की टकळी थांबायची, काकू गेल्या की पुन्हा सुरू. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलं, "आई, निदान या-बसा तरी म्हणा." तर म्हणाल्या, "रब्बींनी सांगितलंय. तुला जास्त कळतं का रब्बींपेक्षा?" सासू धर्माच्या आडून गप्प बसली की सुनेनं हात टेकायचे, दुसरं काय.

अशी वर्षं गेली. मग मला एक गोष्ट दिसायला लागली. आम्ही जेवायला बसलो की आमच्या भांड्यात बटाटे दिसायचे आणि मांस शोधावं लागायचं. ह्यांनी एकदा डावानं तळ ढवळला आणि विचारलं, "आई, खाटीक बदलला का?" सासूबाई म्हणाल्या, "तुझं पोट बदललंय. मुकाट्यानं जेव." मी मात्र भांडं स्वतः भरलं होतं. त्यात मांस किती होतं ते मला ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी सगळी भांडी आल्यावर सासूबाईंनी मला अंगणातून सरपण आणायला पिटाळलं. मी निघाले आणि दारातूनच मागं वळले. पाहते तर सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात दोन भांडी. एक आमचं, एक काकूंचं काळं लोखंडी. दोन्हींची कणीक सोडवलेली, झाकणं बाजूला. आणि आमच्यातलं त्या काकूंच्या भांड्यात घालत होत्या. डावानं नाही, हातानं. एक मांसाचा तुकडा इकडं, एक तिकडं. एक बटाटा इकडं, एक तिकडं. घेवडासुद्धा मुठीमुठीनं वाटत होत्या. मग दोन्ही भांडी एकेका हातात उचलून तोलून बघितली, एक कांदा इकडचा तिकडं केला आणि पुन्हा तोलली.

"आई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "ओरडू नकोस. हलकं भांडं भट्टीत तडकतं. ते तडकलं की शेजारच्या भांड्यांची नासाडी."

"लोखंडाचं भांडं तडकतं?"

"तू भट्टीवर कालची आलीस. तुला काय माहीत काय तडकतं ते!"

मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले. मीही काही कमी नाही. शेवटी त्यांनी सांगितलं. काकूंचं भांडं उन्हाळ्यापासून हलकं होत चाललं होतं. आधी मांस गेलं असणार, मग जव. फळीवर घेतलं की हाताला कळायचं. एक दिवस इतकं हलकं लागलं की त्यांनी उघडून पाहिलं, तर आत पाणी, दोन कांदे आणि मूठभर घेवडा. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, काजं वाकडी यायची, शिंपी काम देईनासा झाला होता. आणि तरी ती बाई दर शुक्रवारी पाण्याचं भांडं घेऊन, मान ताठ करून, रांगेत उभी राहत होती. का, तर गल्लीला वाटावं सगळं ठीक आहे.

"मग अर्धं कशाला? दोन तुकडे घातले तरी पुष्कळ," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला माझ्या पोटाचीही काळजी होती.

"तोरा काय म्हणते? आपल्यासारखं. आपल्यापेक्षा जास्त म्हणत नाही, आपल्यापेक्षा कमीही म्हणत नाही." त्यांनी कणकेची वळी झाकणाभोवती बसवली आणि काकूंची सवय होती तशी दोन बोटांनी जोडीजोडीनं दाबत नेली. "आणि हे बघ, ही गोष्ट या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये. तिला कळलं मी देतेय, तर ती भांडं आणणं बंद करेल आणि घरात उपाशी बसेल. तिला मी ओळखते. मीही तेच केलं असतं."

आता तुम्ही म्हणाल, पाणी भरून दिलेल्या भांड्यात शनिवारी मांस निघालं तर काकूंना कळणार नाही का? कळलं की! पण करणारी कोण, हे त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. आमच्याबद्दल तर त्यांना स्वप्नातही शंका येणं शक्य नव्हतं. रब्बींच्या टोपात कायम जास्तीचं असतं, म्हणून काकूंनी ते पुण्य रब्बीणबाईंच्या नावावर जमा केलं. झालं, मग काकू रब्बीणबाईंना फुलासारखं जपायला लागल्या. दिसत नव्हतं तरी चाचपडत त्यांच्या झग्यांना बटणं लावून दिली, उशांचे अभ्रे शिवून दिले, प्रार्थनाघरात त्यांच्यासाठी जागा धरून ठेवायला लागल्या.

सासूबाईंचा जळफळाट बघण्यासारखा होता. "मांस माझं आणि बटणं तिची!" कणीक आपटत म्हणायच्या. "आणि अभ्रे! मला या घरात आल्यापासून कोणी एक अभ्रा शिवून दिलेला नाही."

"मग सांगून टाका ना एकदा."

"गप्प बस."

शेवटी रब्बीणबाईच बिचाऱ्या चक्रावल्या. एका शुक्रवारी भट्टीवर येऊन हळूच म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई माझ्यावर इतकी माया का करतात हो? मी तर त्यांच्यासाठी कधी काही केलं नाही." सासूबाई फळी पुसत होत्या. पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्वभावच आहे तिचा. चांगली आहे ती."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं, कारण पुसून झालेली फळी त्या पुन्हा पुसायला लागल्या. रब्बींचं ते आळशी मन त्या दिवशी धापा टाकत येऊन पोचलं असावं.

आणि मग सासूबाई पडल्या. पिठाचं पोतं ओढताना पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. गुरुवार होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला आणि पडून राहायला सांगितलं. मी पोटुशी होते, दिवस भरत आले होते. ती लांब फळी पेलून आचेसमोर उभं राहणं मला जमणारं नव्हतं. हे टेम्पो घेऊन गेलेले. घरात थांबले असते तरी त्यांचं कर्तृत्व आम्हाला माहीत होतं. शुक्रवारी दुपारी भांडी यायला लागली. घरोघरच्या शब्बाथचं जेवण माझ्यासमोर जमिनीवर मांडलेलं आणि आत ठेवणारं कोणी नाही.

त्यातही सासूबाईंना पडल्या-पडल्या एकच घोर. "तिचं आलं का? आलं का तिचं?" काकूंचं भांडं आलं. शेजारच्या पोरीबरोबर त्यांनी ते पाठवलं होतं, डोळ्यांमुळे हल्ली चालणं कमी झालं होतं. "दार लाव आणि वाट," सासूबाई आतून म्हणाल्या. "अर्धं. हातानं तोलून बघ. तुझ्यावर विश्वास नाही माझा, पण आज इलाज नाही." मी वाटलं. एक तुकडा इकडं, एक तिकडं. तोललं, पुन्हा तोललं, झाकणं लिंपली, दोन बोटांनी दाबली. दार उघडलं आणि बघते तर उंबऱ्यात धाकट्या काकू.

"वहिनींचा हात मोडला म्हणे," काकू म्हणाल्या. "मला आत्ता त्या पोरीनं सांगितलं. फळी कुठंय?"

"काकू, तुम्हाला दिसत नाही नीट. भट्टी तापलीय."

"भट्टीला डोळे लागत नाहीत, हात लागतात. बाजूला हो पोरी, तुझ्या पोटाला आच लागेल."

बाह्या वर सारून त्या उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी फळी हातात घेतली, पण दांडा असा धरला जसा काल सोडला होता. भट्टीच्या तोंडाशी तळवा धरून आच बघितली. मग खाली बसून एकेक भांडं हातानं चाचपायचं, उचलून वजन घ्यायचं, फळीवर ठेवायचं आणि आत. मोठी मागं, लहान पुढं. मी बाजूला उभी राहून सांगत होते, हे घड्याळवाल्यांचं, हा रब्बींचा टोप. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की दोनच भांडी उरलीत. एक आमचं, एक त्यांचं.

काकूंनी आपलं भांडं उचललं. कडी त्यांच्या ओळखीची होती. त्या थांबल्या. घरून पाठवलं तेव्हा त्यात काय होतं हे त्यांना माहीत होतं. आणि रब्बीणबाई काही आज इथं आल्या नव्हत्या.

मग दुसऱ्या हातानं त्यांनी आमचं भांडं उचललं. बेकरीवाल्यांचं, तीन खाणाऱ्या तोंडांचं, पोटुशी सून असलेल्या घराचं भांडं. दोन्ही हातांत दोन भांडी धरून त्या तशाच बसून राहिल्या. उजवं वर, डावं खाली, मग उलट. कुठलं जड, ते काही ठरत नव्हतं. कधी ठरलंही नसतं. माझे हात इतकी वर्षं भट्टीवर उगाच राबले नव्हते, मी बरोबर अर्धं केलं होतं.

आता ही बाई आपलं भांडं उचलून घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि पुढच्या शुक्रवारी येणार नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"उन्हाळ्यापासून. पण काकू, आईंनी शपथ घातली होती—"

"वेळ जातोय. सूर्य बुडेल." त्यांनी दोन्ही भांडी एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवली आणि एकदमच आत सरकवली, मधल्या भागात, जिथं आच सगळ्यात चांगली लागते. लोखंडी दार लावलं, माती लिंपली, हात धुतले. आणि घराकडं न जाता आतल्या खोलीत गेल्या.

मी मागोमाग गेले. जाणारच. अशा वेळी दाराबाहेर थांबणारी सून मी अजून पाहिलेली नाही.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. काकूंना बघून त्यांचे ओठ सवयीनं घट्ट मिटले. काकू पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. खोलीत खुर्ची होती, पण त्या उभ्याच.

"खमीर होतं माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "वाडगाभर होतं. मला वाटलं तुमची भट्टी एक दिवस थंड राहिली तर गिऱ्हाइकं माझ्याकडं येतील. एक आलं नाही. लोकांनी तुमचा तो दगड खाल्ला, पण माझ्याकडं आले नाहीत."

सासूबाईंनी चांगल्या हातानं पांघरूण वर ओढलं.

"मी चुकले, वहिनी. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं होतं. सांगायला यायचं होतं, धीर झाला नाही. हे गेल्यावर मी भांडं घेऊन आले ना रांगेत, ते सांगायलाच आले होते. सगळं पाठ करून आले होते. तुम्ही बोललात ते बोललात, ते मला लागणारच होतं, माझंच होतं ते. पण त्यानंतर तुम्ही बोलणंच टाकलंत. दर शुक्रवारी यायचे. मला वाटायचं, आज शिव्या देतील. शिव्या दिल्या की मी माफी मागेन. तुम्ही भांडं असं घ्यायचात, जणू ते आपल्या पायांनी चालत आलंय. मी तिथं नव्हतेच."

सासूबाईंच्या हातातून पांघरूण सुटलं. "मला रब्बींनी..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. रब्बींच्या आडून आता बोलता येणार नव्हतं, हे त्यांनाच कळलं. "मला वाटलं, देतेय ना मी. अर्धं देतेय. झालं की."

"अर्धं दिलंत," काकू म्हणाल्या. त्यांच्या त्या धुरकटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. "स्वतःच्या सुनेच्या तोंडचं काढून दिलंत. मी घरी घेऊन जायचे, एकटी बसून खायचे. चव छान असायची. पण मला कोणी एकदा बस म्हणालं नाही."

भिंतीपलीकडं भट्टी तेवढी घुमत होती. मी सासूबाईंकडं बघत होते. बिनभुवयांचा तो चेहरा, आयुष्यभर ज्याच्यावर काही दिसलं नाही, तो असा काही वेडावाकडा झाला की मला वाटलं हात दुखतोय म्हणून ओरडतात की काय.

त्या पलंगावर थोड्या सरकल्या. मोडका हात सांभाळत, भिंतीकडं. आपल्या शेजारची जागा मोकळी केली आणि त्या जागेवर डाव्या हातानं थापटलं.

"बस गं," म्हणाल्या. "बस ना इथं. उभी कशाला राहतेस मेली."

काकू बसल्या. चाचपडत, पलंगाची कड शोधत. दोघी मग एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि मीही रडले, आणि पोटातल्यानं अशी लाथ मारली की मला खुर्चीत बसावं लागलं. हे टेम्पो लावून आले तेव्हा तिघी रडताहेत हे बघून त्यांना वाटलं सगळी भांडी उलटली. "मी काही केलेलं नाही," हे त्यांचे पहिले शब्द.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडं जेवल्या. सासूबाईंना उजवा हात नव्हता आणि काकूंना डोळे. एकीनं सांगायचं आणि दुसरीनं वाढायचं असं चाललं होतं, आणि वाढता-वाढता भांडण चालू होतं. "अगं, ते माझ्या ताटात नाही, टेबलावर वाढतेयस!" "मग नीट सांगा ना, वहिनी. नुसतं इकडं-तिकडं काय म्हणता!" इतक्या वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, ते कधी संपेल असं वाटेना. ह्यांनी मांसाचा दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला, आणि कोणीच काही विचारलं नाही.

पुढच्या शुक्रवारी काकू दुपारीच आल्या. भांडं न घेता, फडक्यात शिधा बांधून. सासूबाईंनी माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचा मोठा टोप काढायला लावला. दोन्ही घरांचं त्यात घातलं. आमचं जास्त, त्यांचे दोन कांदे आणि मूठभर घेवडा. वर सासूबाईंनी आणखी दोन माणसांचं घातलं. रब्बींच्या घरून शिकल्या असाव्यात. मी कणकेची वळी करून झाकणाभोवती ठेवली आणि बाजूला झाले.

दोघी टोपाच्या दोन बाजूंना बसल्या. काकू दोन बोटांनी जोडीजोडीनं दाबत निघाल्या, सासूबाई पलीकडून डाव्या हाताच्या अंगठ्यानं, वेड्यावाकड्या. समोरासमोर येऊन दोघींचे हात थांबले. सासूबाई कौतुकानं टोपाकडं बघत होत्या. मग त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आता यातलं अर्धं कसं ओळखायचं?" त्यांनी विचारलं.

"जेवायला बसल्यावर बघू," काकू म्हणाल्या, आणि फळी घ्यायला उठल्या.